फाशीची शिक्षा झालेल्या भावासाठी दयेचा अर्ज लिहून द्यायचाय, कसा लिहितात कुणाला माहीत आहे का?

मये_शिक्षिका

नमस्कार. मी डिचोली तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे हल्ली अर्धा वर्ग बाहेरून कामाला आलेल्या लोकांच्या मुलांचा असतो हे इथल्यांना सांगायला नको. तिसरीतल्या एका मुलीची आई आहे, बीड जिल्ह्यातली, नवरा सेंट्रिंगच्या कामाला आणि ती दोन-तीन घरची धुणीभांडी करते. गेल्या सोमवारी शाळा सुटल्यावर सगळी मुलं गेली तरी ती दारात उभीच. हातात कपड्याच्या दुकानातली जुनी पिशवी आणि आत कागद. मला वाटलं आधारचं काहीतरी असेल, नाहीतर रेशनकार्डात नाव घालायचं असेल, कारण असले अर्ज मी नेहमी लिहून देते. कागद उघडला तर जेलातून आलेलं पत्र. सुप्रीम कोर्टाने अपील फेटाळलं, फाशी कायम, असं दोन ओळीत लिहिलेलं.

तिचा धाकटा भाऊ. तेरा वर्षं महाराष्ट्रात जेलात आहे. ती एवढंच म्हणाली की बाई तुमचं अक्षर चांगलं हाय, सायबाला अर्ज लिहून द्या. आणि मग म्हणाली, लहान व्हता वो तवा.

निकालाची कॉपी तिच्या पिशवीत होती, इंग्रजीत. ती माझ्या नवऱ्याने रात्री बसून वाचली आणि मला सांगितली. शेतावरच्या घरात राहणारं म्हातारं जोडपं, चोरीसाठी दोघांनाही मारलं. दोन आरोपी होते, दुसऱ्याला जन्मठेप झाली. पंचनाम्यात लिहिलंय की दळणाचा डबा दारातच पडलेला होता आणि पीठ सांडलेलं होतं. म्हणजे म्हातारी गिरणीतून नुकतीच आली असणार. तो डबा माझ्या डोक्यातून जात नाही, चार दिवस झाले.

सासऱ्यांना कळलं तर ते स्पष्ट म्हणाले, तू यात हात घालू नकोस, त्या म्हाताऱ्यांसाठी कोण अर्ज लिहिणार? त्यांना उलट उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. पण ती बाई रोज मुलीला सोडायला येते, काही विचारत नाही, फक्त बघते.

तर मला विचारायचंय की हा अर्ज कोण करू शकतं, मी केला तर चालतो का, कुणाच्या नावे करायचा, गोव्याच्या राज्यपालांना की दिल्लीला, त्यात लिहायचं काय, आणि दुसरं म्हणजे हे बरोबर आहे का. दुसऱ्याचं उत्तर कुणी दिलं नाही तरी चालेल.

---

फोंडा_निवृत्त_वकील

बाई, आधी पत्रावरची तारीख बघा. बाकी सगळं नंतर.

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या ४७२ कलमात दयेच्या अर्जाची मुदत पहिल्यांदा कायद्यात घातली गेली. सुप्रीम कोर्टाने अपील फेटाळल्याचं जेल सुपरिंटेंडेंटने कैद्याला कळवलं त्या दिवसापासून ३० दिवस. तुमच्याकडे पत्र आलं त्या दिवसापासून नाही, त्याला कळवलं त्या दिवसापासून. म्हणजे पोस्टात गेलेले दिवस तुमचे गेले असं धरूनच चाला.

अर्ज कुणी करायचा हेही तिथेच दिलंय: स्वतः कैदी, त्याचा वारस किंवा दुसरा कुणी नातेवाईक. पूर्वी कुणीही परका माणूस, संघटना, कोणीही राष्ट्रपतींना लिहीत असे आणि ते फायलीला लागत असे, आताच्या शब्दांत परक्याला जागा दिसत नाही. म्हणून अर्ज बहिणीच्या नावाने, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने. तुम्ही लिहून देणाऱ्या. शेवटी "अर्जदारास वाचून दाखवले, समजले" असं लिहून तुमची सही करा. आणि भावाने आधीच जेलातून अर्ज केलाय का तेही विचारून घ्या.

गोव्याच्या राज्यपालांचा काही संबंध नाही. शिक्षा महाराष्ट्रातली आहे तर महाराष्ट्राचे राज्यपाल, घटनेचं कलम १६१. त्यांनी नाकारला तर तिथून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे, कलम ७२. राज्यपाल किंवा राष्ट्रपती एकटे बसून ठरवत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ठरवतात, १९८० च्या मारू राम निकालापासून हे पक्कं आहे. म्हणजे तुमचा कागद आधी गृहखात्याच्या टेबलावर वाचला जाणार. तिथला माणूस दिवसभर असे कागद वाचतो, हे लक्षात ठेवून लिहा.

एक प्रत जेल सुपरिंटेंडेंटला, एक राज्यपालांच्या सचिवालयाला, एक गृहखात्याला. सगळ्या रजिस्टर एडीने, पावत्या जपून ठेवा.

आणि दयेच्या अर्जाशिवाय रिव्ह्यू पिटिशन, म्हणजे कोर्टाकडेच फेरविचाराचा अर्ज, शिल्लक आहे का ते त्याच्या वकिलाला विचारा. २०१४ पासून फाशीच्या केसमधला रिव्ह्यू तीन न्यायाधीशांसमोर उघड्या कोर्टात ऐकतात, आधी तो चेंबरमध्येच कागदावर संपायचा. वकील भेटत नसेल तर १५१०० वर फोन लावा, विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

---

पेडणे_१९७८

बाई, तुमची पोस्ट वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आज लिहितोय कारण तुम्ही तो डबा लिहिलात.

माझ्या थोरल्या भावाला मारला, बरीच वर्षं झाली. जमिनीवरून. केस चालली तेव्हा मी प्रत्येक तारखेला जायचो, पेडण्याहून पहिली बस पकडून, आणि दर वेळी काय व्हायचं, आज साहेब रजेवर आहेत, आज आरोपीचा वकील आला नाही, आज साक्षीदार नाही. आई घरी जेवायची थांबायची, मी आल्यावर विचारायची काय झालं, मी सांगायचो पुढची तारीख. ती गेली तेव्हा निकाल लागायचा होता. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. पण एवढ्या वर्षांत एकाही माणसाने, कोर्टातल्या नाही सरकारातल्या नाही, माझ्या आईला येऊन विचारलं नाही की तुम्ही कशा आहात.

म्हणून असले अर्ज, सह्यांच्या मोहिमा बघितल्या की माझं डोकं फिरतं. मारणाऱ्याचं लहानपण, त्याची गरिबी, त्याची आई, सगळं शोधून काढायला लोक येतात. आणि कोल्हापूरच्या त्या दोन बहिणी, ज्यांनी लहान पोरं पळवून मारली, त्यांची फाशी २०२२ ला हायकोर्टाने रद्द केली ती कशासाठी, तर सरकारने दयेच्या अर्जावर सात-आठ वर्षं काढली म्हणून. पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या मुलीच्या खुनाच्या केसमध्ये तेच. राष्ट्रपतींनी २०१७ ला अर्ज फेटाळला, फाशीचं वॉरंट निघालं २०१९ ला, मधली दोन वर्षं फाईल पडून राहिली, मग हायकोर्टाने फाशीची ३५ वर्षं कैद केली. फाईल लोळवली सरकारने आणि त्याचा फायदा कुणाला, त्या मुलीच्या आईबापाला कुणी काय दिलं?

मी तुम्हाला लिहू नका म्हणत नाही. पण लिहिताना ते दोघे म्हातारे होते हे विसरू नका एवढंच म्हणतो. त्यांचीही मुलं असतील कुठेतरी, तारखांना जाऊन आलेली.

---

फोंडा_निवृत्त_वकील

पेडणेकर भाऊ, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी चाळीस वर्षं काळा कोट घालून ते बघितलंय. त्या दोन्ही केसमध्ये कोर्टाने आरोपी निर्दोष म्हटलं नाही, डोक्यावर दोर लटकत ठेवून माणसाला वर्षानुवर्षं बसवणं ही वेगळी शिक्षा झाली असं म्हटलं. जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने हे ठरलं, एका दिवसात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. पण उशीर करणाऱ्यावर काही होत नाही आणि दोन्हीकडची माणसं भोगतात, हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. डिसेंबर २०२४ ला पुण्याच्या त्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक राज्याच्या गृहखात्यात दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष करायला सांगितलं. नवीन कायद्यातही केंद्राने शिफारस करायला ६० दिवस घातलेत, पण राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवायचं ते लिहिलेलं नाही.

बाई, दुसऱ्या आरोपीला जन्मठेप झाली म्हणालात, ती कुणी दिली, कशासाठी दिली ते निकालात नीट बघा. एका जुन्या केसमध्ये तिघांचा गुन्हा सारखाच होता, तिघांनाही फाशी. एकाची शिक्षा कोर्टानेच कमी केली, दुसऱ्याला ६ ऑक्टोबर १९८१ ला फाशी दिली, आणि तिसऱ्याची त्याच दिवशी ठरलेली फाशी थांबली कारण त्याने सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. तेव्हा कोर्टाच्या लक्षात आलं की सारख्याच गुन्ह्याला तिघांचं तीन तऱ्हेचं नशीब झालं, आणि त्यांनी राष्ट्रपतींना शिफारस केली की तिसऱ्याला वाचवा. जो मेला त्याच्यासाठी करायला काही उरलं नव्हतं. हरबन्स सिंग केस, १९८२. अर्जात एक वाक्य या केसचं घाला.

---

साखळी_वाचनालय

कायद्यातलं मला कळत नाही, गोव्याचं थोडं सांगतो, कारण बाईंच्या सासऱ्यांसारखं आमच्याकडेही बोलतात की फाशी नसली तर धाक कसा राहणार.

पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांची फाशी १८६७ सालीच रद्द केली, मग ते वसाहतींनाही लागू झालं. म्हणजे आपले पणजोबा-खापरपणजोबा गोव्यात फाशी नसलेल्या कायद्यात जगले आणि फाशी आपल्याकडे परत आली ती मुक्तीनंतर भारतीय कायद्याबरोबर. पोर्तुगीज फार दयाळू होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. १७८७ च्या पिंटोंच्या बंडानंतर पंधरा जणांना पणजीत मारलंच की, आणि पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या. पण कायद्याने दोर नव्हता.

आता मोहन रानड्यांचं. मूळ सांगलीकडचे, इथे मराठी शिकवायला आले आणि आझाद गोमंतक दलात गेले. १९५५ ला बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, आणि लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात नेऊन ठेवले. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, रानडे मात्र आतच. इथे आम्ही मुक्तिदिन साजरा करतोय आणि तो माणूस तिकडे कोठडीत. शेवटी १९६९ च्या जानेवारीत सुटले. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात सुधीर फडके झटले आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई, ज्यांचा गोव्याशी काडीचा संबंध नव्हता, ते रोमला पोपना भेटले तेव्हा त्यांनी दुसरं काही न मागता रानड्यांची सुटका मागितली.

रानडे स्वातंत्र्यसैनिक आणि हा मुलगा खुनी, दोघांची बरोबरी करत नाही, कृपया कुणी तसं वाचू नका. मला फक्त एवढंच सांगायचंय की कैद्यासाठी शब्द टाकायला नातं लागत नाही, आणि शब्द टाकल्याने माणूस सुटतो हे गोव्याने बघितलेलं आहे. बाई, सासऱ्यांना रानड्यांचं नाव नक्की माहीत असेल, त्यांच्याशी तिथून बोलून बघा.

---

म्हापसा_समाजकार्य

ताई, अर्जात काय लिहायचं ते मी सांगते, थोडी वर्षं मी कैद्यांच्या घरच्यांबरोबर काम केलंय.

"गरीब आहे, दया करा, आई म्हातारी आहे" हे सगळे लिहितात आणि त्याने काही होत नाही. दयेच्या अर्जाचा खरा उपयोग म्हणजे कोर्टापुढे जे कधी आलंच नाही ते सांगणं. १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून नियम आहे की फाशी देताना नुसता गुन्हा बघायचा नाही, माणूसही बघायचा. पण खाली काय होतं, दोषी ठरवतात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिक्षेवर ऐकतात, फुकट मिळालेला वकील उभा राहून म्हणतो तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, आणि संपलं. तो कुठे वाढला, शाळेत गेला का, डोक्याला मार बसला होता का, घरी कोण मारायचं, यातलं एक अक्षर फायलीत नसतं. २०२२ ला मनोज केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही माहिती खालच्या कोर्टातच गोळा करा, पण त्याआधीच्या केसमध्ये ती कुणी गोळा केलेली नसते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ ला फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास छापला, त्यात चारातले जवळपास तीन आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरातले निघाले. आपल्यापैकी कुणाला याचं आश्चर्य वाटणार नाही.

आणि चुका होतात हो. नाशिकच्या एका केसमध्ये भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली होती, २००९ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांची फाशी केली. मग त्याच सुप्रीम कोर्टाने ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत काढल्यावर! हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, तो कागद फायलीत पडून होता. मधल्या काळात फाशी झाली असती तर हे कोण वाचणार होतं?

अजून एक, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम. तिने म्हटलं ना की लहान व्हता, ते सोडू नका. पुण्यात १९९४ ला झालेल्या खुनांच्या केसमध्ये एकाला फाशी झाली होती, मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं, कारण गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा! २८ वर्षं जेलात. आणि ते सिद्ध कशाने झालं, तर राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या प्रवेश रजिस्टरने. चार्जशीटवरचं वय पोलिसांनी अंदाजाने टाकलेलं असतं. त्या मुलाची शाळा शोधा.

---

मये_शिक्षिका

सगळ्यांना देव बरें करूं. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

पेडणेकर भाऊ, तुमची पोस्ट मी तिला वाचून दाखवली. मुद्दाम दाखवली, कारण लपवून अर्ज लिहिणं मला जमणार नव्हतं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली की ती म्हातारी माझ्या आजीवानी आसंल. तिने स्वतःच सांगितलं की अर्जात त्यांचं आधी लिहा. म्हणून अर्जाची सुरुवात मी त्या दोघांपासून केली आहे, की माझ्या भावाने जे केलं त्याने दोन जीव गेले आणि त्यांच्या मुलांचं दुःख मला या अर्जाने कमी करता येत नाही. वकीलकाका, असं लिहिलेलं चालतं ना?

तारीख बघितली, त्याला कळवून अकरा दिवस झालेत. म्हणजे एकोणीस उरले. जेलातून त्याने अर्ज केलेला नाही, तिने फोनवर विचारलं, तो म्हणाला आता काय उपेग.

शाळा सापडली. बीडमधल्या तिच्या गावच्या झेडपी शाळेच्या मुख्याध्यापकांना मी शाळेतून फोन केला, मी पण मराठी शाळेतली आहे म्हटल्यावर ते आपलेपणाने बोलले आणि दुसऱ्या दिवशी जनरल रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला. तो फोटो मी किती वेळा बघितला असेल. निळी शाई, पान कडेला वाळवीने खाल्लेलं. जन्मतारीख १ जून १९९४. गुन्हा नोव्हेंबर २०१२ चा, म्हणजे अठरा वर्षं पाच महिने. पोलिसांनी बावीस लिहिलं होतं. आणि शेवटच्या रकान्यात, शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर.

तिला विचारलं हे गैरहजर कसं काय, तर म्हणाली ऊसतोडीला जायचो ना बाई, दिवाळी झाली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, आईबाबा कोयता घेऊन आणि आम्ही दोघं मागं मोळ्या बांधायला. तो चार वर्षं असा अर्धा-अर्धा शाळेत गेला, मग नाव कापलं. सतत गैरहजर हे दोन शब्द मी स्वतः किती पोरांच्या पुढे लिहिलेत ते मला आठवायला लागलं आणि बसवेना.

---

फोंडा_निवृत्त_वकील

सुरुवात चालते, चांगली आहे, बदलू नका.

अठरा पूर्ण असेल तर बाल न्याय कायदा लागत नाही, पण अठरा वर्षं पाच महिने आणि बावीस यात फार फरक आहे, तो अर्जात ठळक लिहा. रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने मागवा, फोटो पुरणार नाही.

पण बाई, १ जून? तुम्ही शिक्षिका आहात, मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल.

---

मये_शिक्षिका

काका, कळलं. ते मला आधी सुचायला हवं होतं. आमच्या वर्गातच सात जण १ जूनला जन्मलेले आहेत. दाखल करताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून टाकतो, शाळेत सहा वर्षं पूर्ण झाली असं बसवायला.

काल संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले. पत्र्याची खोली, स्टोव्हवर चहा ठेवला तिने. विचारलं, भाऊ कधी झाला आठवतं का. लगेच म्हणाली, थंडीत. फडातच झाला, कोपीवर, आईने सकाळी मोळ्या टाकल्या आणि दुपारी झाला, बाबांनी उसाच्या पाचटाचा जाळ केला होता शेकायला. ती तेव्हा पाच-सहा वर्षांची. थंडी म्हणजे जून नव्हेच.

---

फोंडा_निवृत्त_वकील

थंडी कुठल्या सालची ते फार महत्त्वाचं आहे. १९९३-९४ ची असेल तर तो गुन्ह्याच्या वेळी अठरा पूर्ण होता, १९९४-९५ ची असेल तर सतरा. सतरा असेल तर फाशी देताच येत नाही, आणि बालवयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, केस संपल्यावरसुद्धा काढता येतो.

अडचण सांगतो. बाल न्याय कायद्याच्या ९४ कलमात शाळेचा दाखला पहिला धरतात, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला त्याच्या नंतर. शाळेचा कागद तुमच्या विरुद्ध जातो. कोर्टात हे अवघड आहे, तरी वकिलाने प्रयत्न करावा. पण राज्यपाल त्या क्रमाला बांधलेले नाहीत. केहर सिंग निकालात, १९८८ ला, सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की दयेच्या अर्जावर पुरावा नव्याने बघता येतो, कोर्टाने काढलेल्या निष्कर्षापेक्षा वेगळं मतही होऊ शकतं. बहिणीचं प्रतिज्ञापत्र करा, डिचोलीत नोटरीकडे. कारखाना कुठला होता, फड कुठल्या गावात होता, बरोबर कोण टोळीत होतं, सगळं. तिथल्या ग्रामपंचायतीत जन्म नोंदलेला असण्याची आशा कमी आहे, तरी अर्ज टाका.

---

पेडणे_१९७८

बाई, मी अजूनही सही करणार नाही, ते मला जमणार नाही. पण वय खोटं लिहून कुणाला फासावर देऊ नये. तुम्हाला नोटरीचा वगैरे खर्च येईल त्यातला काही मला सांगा. आणि साल विचारताना कुठल्या मोठ्या गोष्टीवरून विचारा, सण, पूर, निवडणूक, आमच्या आईला तसंच आठवायचं.

---

मये_शिक्षिका

भाऊ, तुम्ही म्हटलंत तसंच केलं. आज ती मुलीला सोडायला आली तेव्हा दारातच विचारलं. त्या भागातल्या माणसाला विचारायची गोष्ट एकच, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. तिला आठवतो, भांडी पडली, आई तिला ओढत अंगणात घेऊन गेली. मी विचारलं, भाऊ तेव्हा झाला होता का. नाही म्हणाली, भूकंपानंतर झाला, भूकंपानंतरच्या गाळपाला.

मी विचारलं, लगेचच्या, की त्याच्या पुढच्या वर्षीच्या?

ती बघत राहिली. मग म्हणाली, आईला म्हाईत व्हतं. आई वारली २०१६ ला. भूकंपाच्या रात्री आईने तिला ओढत नेलं की उचलून नेलं, आईचं पोट मोठं होतं का, हे आठवायचा प्रयत्न करत ती दारात उभी राहिली, शाळेची घंटा झाली तरी. डिसेंबरमध्ये मूल होणारी बाई सप्टेंबरच्या शेवटी सहा-सात महिन्यांची असणार, ते पोरीलासुद्धा दिसलं असतं.

एक आत्या आहे, गावातच, कानाने कमी ऐकते. त्या टोळीत तीही होती. मुख्याध्यापक उद्या शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाऊन फोन लावून देणार आहेत, ही माझ्याकडे शाळेत येईल आणि स्पीकरवर विचारू. अर्जात ती जागा मी मोकळी ठेवली आहे. सतरा दिवस उरलेत, नोटरी शुक्रवारी बसतो.